खोट्या सासूचा खरा खोकला

आखातातल्या दोहा शहराच्या मराठी मंडळात पूर्णिमा खैरनारला नऊ वर्षं झाली होती आणि नऊही वर्षं ती शेजारीण होती. गणपतीतल्या नाटकात घरात भांडण झालं की दारातून डोकावून 'काय झालं हो?' विचारायचं काम तिचं. यंदा मात्र तिला बढती मिळाली आणि ती दाढदुखीने हैराण झालेली शेजारीण झाली. वाक्यं दोनच होती, पण गालाला हात लावून ती अशी कण्हली की मध्यंतरात पहिल्या रांगेतल्या एका डेंटिस्टने तिला आपलं कार्ड दिलं.

त्या प्रेक्षकांत मालविका होती. ही मूळची पुण्याची, इथल्या एका विद्यापीठात औषधशास्त्राच्या विभागात संशोधन करणारी. चार दिवसांनी ती पूर्णिमाच्या अल मुंतझातल्या फ्लॅटवर आली आणि चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत म्हणाली, "पूर्णिमाताई, मला बेमालूम खोटं बोलणारं माणूस हवंय."

पूर्णिमाने नवऱ्याकडे पाहिलं. संजीव गॅस कंपनीत सेफ्टी इंजिनीयर होता. त्याने कुठल्याही फॉर्मवर आयुष्यात खोटी सही केलेली नव्हती. तो सावध होऊन सरसावून बसला.

काम असं होतं. शहरातल्या चाळीस फार्मसींत गिऱ्हाईक म्हणून जायचं आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागायचं. समोरचा माणूस काय विचारतो, काय देतो, तो खरोखर लायसन्स असलेला फार्मासिस्ट आहे की नुसताच कोट घालून उभा आहे, हे सगळं लक्षात ठेवायचं आणि बाहेर येऊन फॉर्म भरायचा. सहा महिन्यांत कधीतरी असं खोटं गिऱ्हाईक येणार, हे दुकानांना आधीच कळवलेलं होतं आणि त्यांनी मान्यही केलं होतं. कधी येणार आणि कोण, एवढंच माहीत नव्हतं. अभ्यास संपला की सगळ्यांना पत्र जाणार होतं. तोवर कुणाला काही सांगायचं नाही. चाळीसपैकी बारा दुकानं पूर्णिमाच्या वाट्याला होती.

"संवाद?" पूर्णिमाने विचारलं.

मालविकाने कागद पुढे केला. सासूबाई, वय साठ. दोन दिवस घसा दुखतोय, नाक वाहतंय, थोडा ताप. दुसरी कुठलीही औषधं चालू नाहीत. आधी 'काहीतरी द्या' म्हणायचं. साधं औषध दिलं तर 'याहून स्ट्राँग काही?' विचारायचं. तरीही नाही मिळालं तर तिसऱ्या पायरीला थेट 'अँटिबायोटिक द्या' म्हणायचं. सगळं इंग्रजीत, आणि समोरच्याला इंग्रजी येत नसेल तर हिंदीत.

पूर्णिमाने कागद तीनदा वाचला. नऊ वर्षांत एवढी मोठी भूमिका तिला कुणी दिली नव्हती.

हे सगळं चाललं असताना आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज येत होता. ती पूर्णिमाची खरी सासू, सिन्नरहून आलेल्या लक्ष्मीबाई. वय शहात्तर. येऊन अडीच महिने झाले होते आणि पहिल्या आठवड्यापासून त्यांना कोरडा खोकला लागला होता. दोष एसीचा, यावर घरात सगळ्यांचं एकमत होतं. एसी बंद ठेवून पाहिला, तर बाकीचे उकडून निघाले आणि खोकला होता तसाच राहिला. "मला काय हे तुमचं थंडगार घर मानवायचं नाही," असं म्हणून त्यांनी पुढच्या महिन्याचं परतीचं तिकीट काढायला लावलं होतं. पूर्णिमाने 'राहा ना आई अजून' असं दोनदा म्हटलं होतं आणि तिसऱ्यांदा म्हणायचं राहून गेलं होतं.

पहिल्या फार्मसीत पूर्णिमाने कमाल केली. सासूबाईंच्या घशाचं वर्णन करताना तिचे डोळे भरून आले. काउंटरवरच्या माणसाने एकही प्रश्न न विचारता अँटिबायोटिक काढून दिलं, वर टिश्यूचा बॉक्स पुढे केला आणि आपल्या आईच्या शेवटच्या आजारपणाची सगळी हकिगत सांगितली. बाहेर गाडीत बसलेल्या संजीवने वेळ नोंदवली, अकरा मिनिटं चाळीस सेकंद.

संध्याकाळी मालविकाचा फोन आला. "ताई, अभिनय नको."

"अगं, मग मला घेतलंस कशाला?"

"सगळ्या दुकानांत सारखाच घसा दुखला पाहिजे. एका ठिकाणी रडलात आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, तर त्यांनी औषध घशाला दिलं का रडण्याला, ते मला कसं कळणार? कोरडं बोला. एटीएमसमोर उभं राहतो तसं. आजच्या दुकानात मी नंतर दुसऱ्या कुणाला तरी पाठवीन."

पूर्णिमाला हे जड गेलं, पण जमलं. दुसऱ्या दुकानातल्या फार्मासिस्टने चिठ्ठीशिवाय नाही म्हणून सांगितलं आणि वाफ घ्यायचा सल्ला दिला. तिसऱ्यात पांढऱ्या कोटातला एक उमदा तरुण सनस्क्रीनच्या शेल्फसमोर उभा होता. त्याने घशाची गोळी सुचवली, तिची मात्रा सांगितली, मग दुसरी जास्त चांगली म्हणून तीही सुचवली. पूर्णिमाने त्याच्या छातीवरचा बिल्ला वाचला, तर त्यावर एका फेस क्रीमच्या कंपनीचं नाव होतं. खरा फार्मासिस्ट मागच्या बाजूला खोकी मोजत होता आणि त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. चौथ्यात नकार मिळाला, पाचव्यात तिसऱ्या पायरीपर्यंत जायच्या आत औषध पिशवीत पडलं. फार्मासिस्टने विचारायला हवेत असे वीस प्रश्न फॉर्मवर होते, त्यातले लोक सरासरी चार विचारत होते. 'कुणासाठी हवंय?' एवढं तरी बहुतेक जण विचारायचे. 'दुसरं काही औषध चालू आहे का?' हे आठ दुकानांत दोघांनीच विचारलं.

घेतलेलं प्रत्येक औषध पाकीट न फोडता मालविकाकडे जमा होत होतं. संजीव प्रत्येक फॉर्मवर दोनदा नजर घालायचा. "पूर्णिमा, 'बहुतेक' असं लिहू नकोस. विचारलं की नाही विचारलं?"

नववं दुकान अल मन्सूरातलं होतं, एका बाजूला केरळी हॉटेल आणि दुसऱ्या बाजूला किराणा. दुकान अरुंद होतं, पण दरवाजासमोरच भिंतीवर फार्मासिस्टचं लायसन्स चौकटीत लावलेलं होतं आणि त्याच्याखाली तीच बाई उभी होती. तिशीतली, डोक्याला हिजाब, बिल्ल्यावर नाव जिक्रा.

पूर्णिमाने इंग्रजीत सुरुवात केली. जिक्राने इंग्रजीतच कुणासाठी म्हणून विचारलं, वय विचारलं. पूर्णिमा साठ म्हणाली. एवढ्यात तिच्या कोपराचा धक्का लागून काउंटरवरची चघळायच्या गोळ्यांची बरणी कलंडली आणि तिच्या तोंडून निघालं, "अगं बाई, पडली का."

जिक्राने बरणी झेलली आणि तिचा सगळा चेहरा बदलला. "मराठी का तुम्ही? अहो मग आधी नाही का सांगायचं, ताई. मी परभणीची. बी. फार्म तिथंच झालं माझं. इथं मराठीत बोलायला माणूस मिळत नाही, आख्खा आठवडा जातो. बोला, काय होतंय सासूबाईंना?"

पूर्णिमाचं खोटं इंग्रजीत पाठ होतं, हिंदीतही होतं. मराठीत तिने ते कधी बोलूनच पाहिलं नव्हतं. मराठीत सासूबाई म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर एकच बाई येत होती.

"खोकला आहे हो," ती म्हणाली. "कोरडा. थांबतच नाही."

"किती दिवस झाले?"

"दोन महिने होऊन गेले. एसीने."

"कफ पडतो? ताप? दम लागतो चालताना?"

"काहीच नाही. नुसती ढास लागते. झोपल्यावर जास्त."

"साठ वय ना?"

"शहात्तर," पूर्णिमा म्हणाली आणि मग तिला कळलं की आपण घसरलो. पण घसरणं आता थांबणार नव्हतं.

जिक्राने नजरेनेच आकडा दुरुस्त केला. मग ॲलर्जी, शुगर, दमा, असं एकेक विचारून झाल्यावर ती म्हणाली, "दुसरी औषधं?"

"बीपीची एक गोळी. इकडे यायच्या आधी पंधरा दिवस डॉक्टरांनी बदलून दिलीय."

"नाव?"

नाव पूर्णिमाला ठाऊक नव्हतं, पण फोनमध्ये पाकिटाचा फोटो होता. सिन्नरहून कुणी येणार असलं की गोळ्या मागवायला तो पाठवायचा असायचा. जिक्राने फोटो मोठा करून पाहिला. तिने मान हलवली.

"ताई, एसीवर फार रागावू नका. ही गोळी चांगली आहे, पण ती घेणाऱ्या काही लोकांना असाच कोरडा खोकला लागतो. सगळ्यांना नाही. तुमच्या सासूबाईंना तसंच झालंय असं मी म्हणणार नाही, ते डॉक्टर सांगतील. पण हे पाकीट घेऊन उद्याच दाखवा. दुसरी गोळी देता येते. आणि आपल्या मनाने बंद करू नका बरं का, बीपी चढेल."

पूर्णिमाला एकदम पाठ केलेलं वाक्य आठवलं. "मग अँटिबायोटिक?"

"कशाला?" जिक्रा म्हणाली. "चिठ्ठीशिवाय मी देतही नाही, आणि यांना त्याचं कामही नाही. तुमचा नंबर द्या, चार दिवसांनी विचारते काय झालं ते."

पूर्णिमाने नंबर दिला. खराच दिला.

गाडीत बसल्यावर तिने फॉर्म मांडीवर घेतला आणि वीसच्या वीस रकान्यांत खूण केली. मग हातातलं पेन ठेवून तिने पाकिटाचा फोटो पुन्हा उघडला.

"काय झालं?" संजीवने विचारलं.

"आईंचा खोकला एसीचा नाहीये बहुतेक."

"आईचा काय संबंध? आणि 'बहुतेक' लिहू नकोस."

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीबाईंना डॉक्टरकडे नेलं. त्यांना आधी हे पटलंच नाही. "मेडिकलवालीला माझ्या खोकल्याचं काय कळतंय? तिनं मला पाहिलं तरी का?" पण डॉक्टरांनी पाकीट पाहिलं, तपासलं, आणि तेच सांगितलं. गोळी बदलून दिली आणि दोन-तीन आठवडे वाट पाहायला सांगितलं.

पाचव्या दिवशी जिक्राचा फोन आला तेव्हा पूर्णिमा आंघोळीला गेली होती. फोन लक्ष्मीबाईंनी घेतला. पूर्णिमा केस पुसत बाहेर आली तर सासूबाई पलंगावर मांडी घालून बसलेल्या आणि बोलणं परभणीच्या ज्वारीवर आलेलं. "पोरगी गुणाची आहे," फोन ठेवून त्या म्हणाल्या. "झोप लागते का, पाय सुजतात का, सगळं विचारलं. तू कधी विचारलं होतंस?"

तिसऱ्या आठवड्यात खोकला गेला. घर इतकं शांत झालं की पहिल्या दिवशी संजीव दोनदा आईच्या खोलीत डोकावून आला. आणि लक्ष्मीबाईंनी जाहीर केलं की आता त्यांना हे थंडगार घर मानवायला लागलंय, तेव्हा तिकीट पुढे ढकलावं. तीन महिन्यांनी.

पूर्णिमा हसून "राहा ना आई" म्हणाली. यावेळी तिसऱ्यांदाही म्हणाली, कारण इलाज नव्हता.

राहिला होता तो नववा फॉर्म. तो तिने मालविकाला पाठवला नव्हता. पाठवला तर जिक्राला पैकीच्या पैकी गुण मिळत होते, आणि ते तिचेच होते. पण साठ वर्षांची सासू, दुखणारा घसा, औषधं चालू नाहीत, यातलं पूर्णिमा काहीच बोलली नव्हती. तिने संजीवला विचारलं आणि विचारल्याबरोबर पस्तावली.

"प्रश्नच नाही," तो म्हणाला. "सांगावं लागेल."

मालविकाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, चाळीस दुकानांत वीसपैकी वीस मिळवणारी ती एकटीच निघाली असती," ती म्हणाली. "आणि तिची भेट मला रद्द करावी लागणार."

"पण तिने विचारलं ना सगळं?"

"तिने खऱ्या पेशंटबद्दल विचारलं. बाकीच्या एकोणचाळीस जणांना खोटा पेशंट मिळाला. तुलना कशी करू? तिथे पुन्हा कुणाला तरी पाठवावं लागेल, तिने न पाहिलेलं माणूस. आणि तुमच्याशिवाय माझी दोनच माणसं होती, ती काम संपवून भारतात गेलीत."

पूर्णिमाने स्वयंपाकघरातून बाहेर पाहिलं. संजीव डबे एका ओळीत लावत होता.

त्याला तयार करायला आठवडा लागला. खोटं बोलायचं म्हटल्यावर त्याच्या कपाळावर घाम यायचा. शेवटी मालविकाने त्याला समजावलं की हे खोटं नव्हे, ही एक ठरवून दिलेली कार्यपद्धती आहे. हा शब्द ऐकल्यावर तो बराच सावरला. मराठीत एक अक्षर बोलायचं नाही, अशी पूर्णिमाने ताकीद दिली.

त्या दिवशी गाडीत वाट पाहायची पाळी पूर्णिमाची होती. दुकानाच्या काचेतून तिला सगळं दिसत होतं. संजीव ताठ उभा राहून, एकेक लक्षण संपल्यावर थांबत बोलत होता. जिक्रा विचारत होती, तो उत्तरं देत होता. मग जिक्राने मान हलवली, संजीवनेही मान हलवली आणि तो बाहेर आला.

"झालं?"

"झालं. ती म्हणाली, व्हायरल वाटतंय, अँटिबायोटिकची गरज नाही. बरोबर आहे तिचं. मी शुक्रन म्हणून आभार मानले."

"अहो, दुसरी पायरी? तिसरी?"

"ती बरोबर बोलत असताना मी पुढे कशाला मागायचं?"

"कार्यपद्धती," पूर्णिमा म्हणाली.

संजीव परत आत गेला. काचेतून दिसलं की त्याने खिशातून रुमाल काढला, घाम पुसला आणि काहीतरी बोलला. जिक्राने काउंटरमागून खुर्ची आणून त्याला बसवलं, पाणी दिलं आणि त्याचंच बीपी मोजलं. ते ठीक होतं. अँटिबायोटिक मिळालं नाही ते नाहीच.

महिनाभराने अभ्यास संपला आणि सगळ्या फार्मसींना पत्रं गेली. आता सांगायला हरकत नव्हती. पूर्णिमा अल मन्सूराला जायला निघाली, तर लक्ष्मीबाईही साडी बदलून तयार. त्यांनी मेथीचे लाडू डब्यात भरले होते.

वाटेत पूर्णिमाला धाकधूक होती. जिक्रा चिडली तर ते बरोबरच होतं. तिच्याशी मनापासून बोललेल्या पोरीला तिने दोन महिने अंधारात ठेवलं होतं. दुकानात शिरल्याबरोबर, लाडवांचा डबा पुढे व्हायच्या आत, तिने सगळं सांगून टाकलं.

जिक्रा ऐकता ऐकता थांबली. "थांबा ताई. तुम्ही काय खोटं बोलायला आला होतात?"

"सासू साठ वर्षांची, घसा दुखतोय, ताप आहे."

"वय सोडलं तर हे तुम्ही बोललातच नाहीत. आणि तेही तुम्हीच दुरुस्त केलंत."

"नाही बोलले."

"म्हणजे खोटं बोलायला आलात आणि विसरलात?" जिक्राला हसू आवरेना. "आणि ते उंच साहेब, चष्मेवाले? ते तुमचेच मिस्टर ना? ते खोटे आहेत हे मला दोन मिनिटांत कळलं. नाही म्हटल्यावर शुक्रन म्हणून निघून जाणारं गिऱ्हाईक मी आजवर पाहिलेलं नाही. पत्राबरोबर फॉर्म आलाय, कुणावर संशय आला होता का म्हणून. तारीख लिहून पाठवलीय मी."

संशय आला असेल तर ती भेटही धरता येत नाही, हे मालविकाने पूर्णिमाला सांगितलेलं होतं. म्हणजे अहवालात एकोणचाळीसच दुकानं राहणार आणि हे दुकान त्यांत नसणार. तिने ते जिक्राला सांगितलं आणि माफी मागितली.

जिक्राने खांदे उडवले. "असू द्या. इथं आल्यावर लायसन्स हातात यायला मला अकरा महिने लागले. तोवर मी शाम्पू विकला. कुणी डोकेदुखीची गोळी मागितली तरी हात मागे बांधून उभी राहायचे आणि सरांना हाक मारायचे. बी. फार्म झालेली बाई, आणि मला फक्त कोंडा विचारायचे. लायसन्स आलं त्या दिवशी ठरवलं, आता आपल्याला विचारायचा परवाना मिळालाय, तर विचारायचंच. आमचे मालक शफीकभाई वैतागतात, रांग लागते म्हणतात."

"मग खोटं गिऱ्हाईक आहे हे कळल्यावर तरी कशाला विचारत बसलीस?"

"बिचारे घामाघूम झाले होते. काहीतरी खरं दुखत असेल म्हटलं."

लक्ष्मीबाईंना या बोलण्यातलं एवढंच कळलं की आपल्या सुनेने आपल्या नावावर कुठल्यातरी साठ वर्षांच्या बाईचा घसा दुखवला होता. "साठ का गं सांगितलंस?" त्यांनी विचारलं. "मी दिसते का साठीची?"

"दिसता की, आजी," जिक्रा म्हणाली आणि त्यांचा हात ओढून बीपीच्या मशीनचा पट्टा बांधायला लागली.

अहवालात ते दुकान आलं नाही. पण मालविकाने आपल्या विभागप्रमुखांना ती सगळी गोष्ट सांगितली आणि पुढच्या सत्रात विद्यापीठाकडून दोन पत्रं निघाली. एक जिक्राला, गिऱ्हाइकाला प्रश्न कसे विचारायचे हे फार्मसीच्या मुलांना दाखवण्यासाठी. दुसरं पूर्णिमाला, त्याच वर्गात पेशंट व्हायला. दर गुरुवारी नवा आजार, आणि अभिनय हवा तेवढा, कारण तिथे तो शिकवण्यासाठीच लागणार होता.

पहिल्या गुरुवारी तिला गुडघेदुखी मिळाली. नऊ पानं संवाद होते. घरी तालमीत ती लंगडायला लागली, तेव्हा सोफ्यावरून लक्ष्मीबाई म्हणाल्या, "डावा दुखतोय ना? मग उजव्यावर भार टाक. मला माहितीय."

पूर्णिमाने उजव्या पायावर भार टाकला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.